बोर्डो मिश्रण देणारे मिलार्दे

द्राक्षबागेत केवड्याची चाहूल लागली की आपण मोरचूद आणि चुना कालवतो. या बोर्डो मिश्रणाचे नाव फ्रान्समधल्या बोर्दो शहरावरून पडले. त्याला शास्त्राचा पाया दिला तो प्रा. पिएर मिलार्दे यांनी.

मिलार्दे यांचा जन्म १८३८ चा. वैद्यक आणि वनस्पतिशास्त्र शिकून १८७६ मध्ये ते बोर्दोला प्राध्यापक झाले. दोनच वर्षांनी, १८७८ मध्ये, अमेरिकेतला केवडा फ्रान्सच्या बागांत आढळला. बागा उघड्या पडू लागल्या.

१८८२ च्या ऑक्टोबरात मेडॉक भागात फिरताना त्यांना नवल दिसले. बाकी बागेची पानगळ झालेली, पण रस्त्याकडेच्या वेली हिरव्या! चौकशी केली. वाटसरूंनी घड तोडू नयेत म्हणून तिथल्या पानांवर मोरचूद-चुन्याचा लगदा शिंपडला होता.

मग रसायनशास्त्रज्ञ गेयों यांना सोबत घेऊन त्यांनी प्रयोग केले आणि १८८५ मध्ये प्रमाण जाहीर केले. ८ किलो मोरचूद १०० लिटर पाण्यात, १५ किलो चुना ३० लिटर पाण्यात. आज आपल्याकडे साधारण १ टक्क्याचे मिश्रण चालते, म्हणजे १०० लिटर पाण्यात दोन्ही एकेक किलो.

मिलार्दे यांनी ओळखलेली मुख्य गोष्ट अशी, की केवड्याचे बीजाणू पानावरच्या पाण्यात असतानाच तांबे त्यांना मारते. एकदा बुरशी पानात शिरली, की हे औषध तिच्यापर्यंत पोचत नाही. ते पानावरच राहते.

आंतरप्रवाही औषधांचे तसे नाही. शास्त्रज्ञ औषधाला किरणोत्सारी कार्बन जोडून ते पानाला देतात आणि पान फिल्मवर ठेवतात. औषध जिथे पोचले तिथे फिल्म काळी पडते. बहुतेक औषधे पाण्याबरोबर पानाच्या शेंड्याकडे आणि कडांकडे सरकताना दिसतात, खालच्या पानांकडे फारशी उतरत नाहीत.

तेव्हा बोर्डो रोगाआधी मारा, पानाच्या खालच्या बाजूलाही लागू द्या. नंतर फुटलेल्या पानाला आधीच्या फवाऱ्याचे संरक्षण नसते, हे विसरू नका. मिश्रणात लोखंडी विळा बुडवून पाहा. तांबूस थर चढला तर चुना वाढवा, नाहीतर पाने करपतील. मिश्रण त्याच दिवशी संपवा.

मिलार्दे १९०२ मध्ये वारले. त्यांचा फवारा मात्र आजही बागांत सुरू आहे.