लक्ष्याची भीती

कॉलेजातली मुलं कॅम्पिंगला निघतात. जंगल, तळं, तंबू, शेकोटी. त्यांच्यात एक शहाणी मुलगी असते, एक दांडगट मुलगा, एक प्रेमात पडलेली जोडी आणि एक सतत टवाळक्या करणारा. रात्र होते, अंधारातून कुणीतरी सुरा घेऊन येतं आणि एकेकाला मारत सुटतं. १९७८ चा 'हॅलोवीन' आणि १९८० चा 'फ्रायडे द थर्टीन्थ' चालले आणि अमेरिकेत अशा सिनेमांची रांगच लागली. त्यांना स्लॅशर म्हणतात. पुढे कमी पैशात, स्वतःच्या हिमतीवर सिनेमा करणाऱ्यांनी याच साच्याची टिंगल करणारे विनोदी स्लॅशरही काढले. हॉस्टेलवर शनिवारी रात्री लॅपटॉपभोवती बसून असले सिनेमे आपल्यातल्या बऱ्याच जणांनी पाहिले असतील. त्यात एक गोष्ट जवळजवळ ठरलेली असते. टवाळक्या करणारा फार काळ जगत नाही. त्याने हसवलं, त्याचं काम झालं, आता तो मेला तरी चालतो.

मराठीत जंगलात तंबू ठोकून कापाकापी करणारा सिनेमा मला माहीत नाही. आपली सहल म्हणजे बस, पुरी-भाजी आणि अंताक्षरी. पण विनोदी स्लॅशर आपल्याकडेही आहे, आणि त्यात टवाळखोर आधी मरत नाही. उलट सगळा सिनेमा त्याच्याच जिवावर उठलेला असतो. 'झपाटलेला', १९९३. आणि तो टवाळखोर म्हणजे लक्ष्मीकांत बेर्डे. त्याच्याबद्दल लिहायला बसले तेव्हा अहो-जाहो करून पाहिलं, पण दोन वाक्यांच्या पुढे जमेना. म्हणून 'तो'च म्हणते. महाराष्ट्रात सगळे तसंच म्हणतात, आणि इथे काचीगुड्यातल्या मराठी घरांतही.

लक्ष्मीकांतचा जन्म १९५४ चा, मुंबईचा. लहानपण गिरगावात गेलं. घरची परिस्थिती बेताची होती. घराला हातभार म्हणून त्याने लॉटरीची तिकिटंसुद्धा विकली. गिरगाव म्हणजे गणेशोत्सव आणि गणेशोत्सव म्हणजे नाटकं, त्यामुळे अभिनयाची ओळख शाळेच्या वयातच झाली. पुढे तो मुंबई मराठी साहित्य संघात नोकरीला लागला. नाटकाच्या घरातच नोकरी, पण नट म्हणून नाही. स्टेजवर मिळायच्या त्या छोट्या छोट्या भूमिका. आज आपण त्याच्या टायमिंगचं कौतुक करतो, पण ते आकाशातून पडलेलं नव्हतं. कितीतरी वर्षं विंगेत उभं राहून, दुसऱ्यांची नाटकं रोज बघत ते तयार झालं असणार असं मला वाटतं.

१९८३ मध्ये पुरुषोत्तम बेर्डे यांचं 'टूरटूर' रंगभूमीवर आलं आणि लक्ष्मीकांतचं नाव झालं. गंमत म्हणजे हे नाटक सहलीचंच. बसमधून निघालेली एक टूर, त्यातली नाना तऱ्हेची माणसं आणि त्यांचा गोंधळ. स्लॅशरवाल्यांना लागतो तसाच मसाला, फक्त सुरा नाही. प्रशांत दामले, विजय कदम, विजय चव्हाण, सुधीर जोशी अशी मंडळी त्यात होती. एवढ्या गर्दीत एखाद्याकडेच सगळ्यांचं लक्ष जावं, हे नटासाठी सोपं नसतं. लक्ष्मीकांतकडे गेलं. 'शांतेचं कार्टं चालू आहे' या नाटकानेही त्याला असंच प्रेम मिळवून दिलं.

सिनेमात तो १९८४ च्या 'लेक चालली सासरला'मध्ये दिसला, पण खरा धमाका १९८५ चा 'धुमधडाका'. बालकलाकार म्हणून सिनेमात आलेल्या महेश कोठारेने दिग्दर्शनाकडे वळून काढलेला हा सिनेमा. याची वंशावळ आपल्या भागातून जाते. मूळ सिनेमा तमिळ, श्रीधर यांचा 'काधलिक्क नेरमिल्लै', १९६४ चा. तेलुगूत तो 'प्रेमिंचि चूडु' झाला, हिंदीत 'प्यार किये जा' आणि मराठीत 'धुमधडाका'. त्यात सिनेमा काढायच्या वेडाने पछाडलेला एक मुलगा आहे. तमिळमध्ये ती भूमिका नागेशने केली, हिंदीत मेहमूदने. दोन्हीकडे तो मुलगा बापाला भुताच्या सिनेमाची गोष्ट सांगत सांगत घाम फोडतो, आणि आपण हसून मरतो. भीती आणि हसू एकाच प्रसंगात बसवायची ही कला दक्षिणेत आधीपासून मुरलेली होती. मराठीत ती भूमिका लक्ष्मीकांतकडे आली. त्यातलं 'लक्ष्या' हे नाव त्याला जन्मभर चिकटलं.

मग पुढची सात-आठ वर्षं मराठी सिनेमा म्हणजे लक्ष्या आणि अशोक सराफ असंच समीकरण झालं. 'दे दणादण', 'थरथराट', 'धडाकेबाज' हे कोठारेचे, आणि सचिनचा १९८८ चा 'अशी ही बनवाबनवी'. बनवाबनवीचं 'चित्रम् भळारे विचित्रम्' या नावाने तेलुगूत रूपांतर झालं. त्यामुळे माझ्या तेलुगू मैत्रिणींना ही गोष्ट सांगावी लागत नाही, फक्त नट बदलून सांगावे लागतात. आणि लक्ष्मीकांतचा चेहरा तर त्यांच्या घरातही ओळखीचा आहे. १९८९ चा 'मैने प्यार किया' इकडे 'प्रेम पावुरालु' म्हणून चालला आणि १९९४ चा 'हम आपके हैं कौन' हा 'प्रेमालयम्' म्हणून. त्या दोन्हींत तो आहे. नाव कुणाला आठवत नाही, पण नायकाच्या मागेपुढे करणारा तो हसरा माणूस सगळ्यांना आठवतो.

इथेच मला थांबावंसं वाटतं. मराठीत ज्याच्या नावावर थिएटर भरायचं, तो हिंदीत नोकर किंवा नायकाचा मित्र. 'हम आपके हैं कौन'मधला लल्लू लोकांना आवडला हे खरंच. पण हिंदीने त्याला घरात घेतलं ते मागच्या दाराने. आणि मराठीने पुढच्या दाराने घेतलं खरं, पण एका अटीवर. हसवायचं.

ती अट मोडायचा प्रयत्न त्याने १९९२ मध्ये केला. जब्बार पटेल यांचा 'एक होता विदूषक', पटकथा पु. ल. देशपांडे यांची. तमाशातला सोंगाड्या आबुराव सिनेमाचा स्टार होतो, मग राजकारणी त्याला वापरून घेतात, आणि हसवणं हेच ज्याचं आयुष्य, त्याला स्वतःच्या लेकीच्या चेहऱ्यावर हसू आणता येत नाही. लक्ष्मीकांतने यात जे केलंय ते बघून मी गप्प झाले होते. तोच चेहरा, तेच डोळे, पण प्रत्येक विनोदाच्या खाली थकवा दिसतो. सिनेमाला उत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. गर्दी मात्र झाली नाही. लोक लक्ष्याला बघायला गेले आणि तिथे त्यांना लक्ष्मीकांत भेटला.

आमच्या पॅरिशमध्ये नाताळच्या नाटकात दरवर्षी विनोदी मेंढपाळाचं काम एकच मुलगा करतो. एका वर्षी त्याला योसेफाची भूमिका दिली. त्याने एकही चूक केली नाही, पण तो स्टेजवर येताच अर्धं चर्च हसायला लागलं. बेथलेहेमात जागा मिळत नाही, मरिया दमलीय, आणि लोक हसतायत. त्यात त्यांचा वाईट हेतू नव्हता. त्यांना तो आवडत होता, म्हणूनच तर हसत होते. 'एक होता विदूषक'बद्दल वाचते तेव्हा मला तो योसेफ आठवतो. प्रेक्षकांचं प्रेमसुद्धा माणसाला कोंडून ठेवू शकतं.

आणि पुढच्याच वर्षी आला 'झपाटलेला'. कल्पना १९८८ च्या अमेरिकन 'चाइल्ड्स प्ले'वरून घेतलेली. मरणाच्या दारात असलेला गुंड तात्या विंचू मृत्युंजय मंत्राच्या जोरावर आपला जीव एका बाहुल्यात घालतो. त्याला माणसाचं शरीर परत हवं असतं, पण ते त्यालाच मिळू शकतं ज्याला त्याने आपलं रहस्य पहिल्यांदा सांगितलं. म्हणजे लक्ष्याला. बाहुला रामदास पाध्ये यांचा, आवाज दिलीप प्रभावळकरांचा, इन्स्पेक्टर महेश जाधव स्वतः कोठारे. मोठा स्टुडिओ नाही, संगणकाची जादू नाही. हाताने हलवायचा एक बाहुला, आणि त्याच्यासमोर घाबरणारा एक माणूस.

सगळी भीती त्या घाबरणाऱ्या माणसावर उभी आहे, हे मला तिसऱ्यांदा बघताना कळलं. बाहुला तसा लहानसाच. तो खरा वाटतो कारण लक्ष्याला तो खरा वाटतो. त्या काळच्या हिंदी भयपटात विनोद आणि भीती वेगवेगळ्या खोल्यांत राहायच्या. रामसेंच्या १९८४ च्या 'पुराना मंदिर'मध्ये हवेलीत सैतान आहे आणि बाजूला जगदीपची 'शोले'ची नक्कल वेगळीच चालू आहे. एक बघताना दुसरं विसरायचं. 'झपाटलेला'मध्ये दोन्ही एकाच माणसाच्या अंगात आहेत. लक्ष्याची बोबडी वळते तेव्हा आपण हसतो, पण तो हसवण्यासाठी घाबरत नाही, तो खरंच घाबरतो. तो सांगत सुटतो की बाहुला जिवंत आहे, आणि कुणी विश्वास ठेवत नाही. त्याला वेडा ठरवतात. ज्याने आयुष्यभर गंमत केली, त्याचं खरं बोलणंही लोकांना गंमतच वाटतं. यात मला 'एक होता विदूषक'चाच धागा दिसतो. एका वर्षापूर्वी लोकांनी ज्या नटाकडे पाठ फिरवली, तोच नट बाहुल्याच्या आडून परत आला, आणि या वेळी थिएटरं भरली. त्याचं शरीर बळकावायला निघालेला तात्या विंचू हा सिनेमातला खलनायक. पण लक्ष्मीकांतच्या आयुष्यात त्याची जागा घेऊन बसलेला आणखी एक जण होता. तो म्हणजे लक्ष्या. हे कोठारेच्या मनात होतं असा माझा दावा नाही. पण दोन्ही सिनेमे लागोपाठ बघितले की हा विचार टाळता येत नाही.

हिंदीत हाच सिनेमा 'खिलौना बना खलनायक' या नावाने डब झाला आणि मराठी न येणाऱ्या मुलांनीही टीव्हीसमोर बसून तात्या विंचूची धास्ती घेतली.

पुढची वर्षं सोपी नव्हती. मराठी सिनेमाचीच तब्येत बिघडत चालली होती, प्रेक्षक टीव्हीकडे वळले होते. लक्ष्मीकांतने हिंदीत बरंच काम केलं, पण लक्षात राहावं असं त्यातलं थोडंच. १९९८ मध्ये पत्नी रुही बेर्डे गेल्या. त्याही अभिनेत्री होत्या. प्रिया अरुण यांच्याबरोबर त्याचा संसार झाला, अभिनय आणि स्वानंदी ही त्यांची मुलं. मुलाचं नाव अभिनय ठेवणारा बाप त्या शब्दाकडे कसा बघत असेल, हे वेगळं सांगायला नको. २००४ मध्ये कोठारेने 'पछाडलेला' काढला, पुन्हा भूत आणि हसू यांची जोडी. त्यातही लक्ष्मीकांत आहे, पण आता धावपळ करणारे, घाबरणारे हिरो भरत जाधव आणि श्रेयस तळपदे होते. त्याच वर्षी, १६ डिसेंबरला, मूत्रपिंडाच्या आजाराने लक्ष्मीकांत गेला. वय फक्त पन्नास.

एकवीस वर्षांच्या मुलीने, जिच्या आठवणीत त्याचा एकही सिनेमा थिएटरात लागलेला नाही, त्याच्यावर का लिहावं? कारण आपण अजूनही तेच करतो. वर्गात जो हसवतो त्याला आपण गंभीर होऊ देत नाही. तो गप्प बसला तर विचारतो की आज जोक नाही का. कॅम्पिंगच्या सिनेमात त्याला आधी मारतात, आणि खऱ्या आयुष्यात त्याला फक्त हसवायला ठेवतात. लक्ष्मीकांत बेर्डेने एकदा सरळ सांगून बघितलं, लोकांनी ऐकलं नाही. मग त्याने ते भीतीच्या सोंगातून सांगितलं, आणि ते आपण अजून बघतो आहोत.

२०१३ मध्ये 'झपाटलेला २' आला, थ्रीडीमध्ये. तात्या विंचू परत आला. बाहुल्याला वय नसतं, त्याला बाहेर काढून धूळ झटकली की झालं. लक्ष्याच्या जागी या वेळी त्याचा मुलगा दाखवला होता, आदिनाथ कोठारेने ती भूमिका केली. बाहुला तोच होता, तंत्र तर कितीतरी पुढचं होतं. तरी मला एकदाही भीती वाटली नाही.