जुन्या दप्तरांचा यात्रेकरू

विसाव्या शतकाच्या आरंभीचा काळ. महाराष्ट्रातील एखाद्या गावी, एखाद्या जुन्या वाड्याच्या दाराशी, प्रवासाने धुळकटलेला एक गृहस्थ येऊन उभा राही. त्याच्याजवळ सामान असे ते अगदी थोडे. त्याला भिक्षा नको असे, वर्गणी नको असे. रात्रीपुरता आसरा मिळाला तर ठीक, न मिळाला तरी तक्रार नसे. तो घरधन्याला एकच गोष्ट विचारी : घरात पूर्वजांचे जुने कागद काही आहेत काय?

हा प्रश्न ऐकून घरधनी बुचकळ्यात पडे. कागद होते, नाही असे नाही. माळ्यावरच्या पेटाऱ्यात, देवघराशेजारच्या फडताळात, कधी धान्याच्या कणगीमागे, मळक्या रुमालांत बांधलेली पुडकी पडलेली असत. परंतु ती कोणी सोडून पाहिलेली नसत. त्यांवरची मोडी अक्षरे वाचणारा आजोबांच्या मागे घरात कोणी उरलेला नसे. अशा कागदांसाठी हा शिकलेला माणूस पायपीट करीत आपल्या दारी यावा, याचे घरच्यांना मोठे नवल वाटे.

हा गृहस्थ म्हणजे विश्वनाथ काशीनाथ राजवाडे. महाराष्ट्र पुढे त्यांना इतिहासाचार्य म्हणू लागला.

राजवाडे यांचा जन्म १८६३ साली झाला. कोकणातील वरसई हे त्यांचे गाव. वडील लहानपणीच वारले, त्यामुळे वडीलधाऱ्या नातलगांच्या आश्रयाने त्यांना वाढावे लागले. शिक्षण पुण्यास झाले. थोरले बंधू वैजनाथ हे पुढे संस्कृतचे नामांकित प्राध्यापक झाले. विश्वनाथांची वाट मात्र निराळी होती. नेमलेली पुस्तके पाठ करून परीक्षा देण्यात त्यांचे मन रमत नसे. कॉलेजच्या ग्रंथालयात जे आवडेल ते वाचीत बसावे, वर्गाकडे फिरकू नये, असा त्यांचा क्रम होता. साहजिकच मॅट्रिकनंतर बी. ए. होण्यास त्यांना पुष्कळ वर्षे लागली. विद्यार्थ्यांनी अनुकरण करावे असा हा भाग नव्हे. पण या स्वैर वाचनातच त्यांची दृष्टी घडली, हेही खरे.

पुढे काही काळ त्यांनी पुण्यात शिक्षकाचे काम केले. संसार मांडला होता, तो मात्र टिकला नाही. अपत्ये जगली नाहीत आणि १८९२ च्या सुमारास पत्नीही निवर्तली. राजवाडे तेव्हा तिशीच्या आतले होते. आप्तेष्टांचा आग्रह असूनही त्यांनी दुसरा विवाह केला नाही. स्वतःचे म्हणावे असे घर त्यांना पुन्हा कधी झाले नाही. उरलेले सारे आयुष्य त्यांनी दुसऱ्यांच्या घरांतील पूर्वजांच्या आठवणी वाचविण्यात घालविले.

ही ओढ त्यांना कशी लागली, हे समजण्यासाठी त्या वेळची स्थिती ध्यानात घेतली पाहिजे. मराठ्यांचा सविस्तर इतिहास ग्रँट डफ या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८२६ साली प्रसिद्ध केला होता. त्याचे परिश्रम मोठे होते. परंतु त्याची नजर परक्या राज्यकर्त्याची होती आणि त्याने पाहिलेले कागदही मर्यादितच होते. नीळकंठ जनार्दन कीर्तने या तरुणाने १८६८ साली त्याच्या ग्रंथातील उणिवा दाखवून दिल्या. पण उणीव दाखविणे वेगळे आणि ती भरून काढणे वेगळे. भरून काढायची तर पुरावा हवा. आणि पुरावा तर घराघरांतील रुमालांत बांधलेला होता.

वाई येथे असा कागदांचा एक मोठा साठा राजवाड्यांच्या हाती आला. पानिपतच्या मोहिमेच्या आगेमागे निरनिराळ्या माणसांनी लिहिलेली ती पत्रे होती. कोठे फौजेच्या खर्चाची ओढाताण, कोठे तळावरची बातमी, कोठे कोणाची काळजी. पत्रे लिहिणारी माणसे जाऊन शंभरांहून अधिक वर्षे लोटली होती; तरी पत्र उलगडताच ती जणू बोलू लागत. १७५० ते १७६१ या काळातील अशी पत्रे एकत्र करून राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड छापला आणि त्याला मोठी विवेचक प्रस्तावना जोडली. या एका खंडाने अभ्यासकांचे डोळे उघडले. इतिहास सरकारी कचेरीतच असतो असे नाही. तो कोणाच्याही माळ्यावर असू शकतो, हे त्यांस कळून चुकले.

मग भ्रमंती सुरू झाली. राजवाडे गावोगाव हिंडत, पुष्कळदा पायी. स्वयंपाक स्वतःच्या हाताने करीत. पैसा जवळ जवळ नसेच. मित्र आणि चाहते देत त्यावर प्रवास आणि छपाई चाले. पण खरी अडचण पैशाची नव्हती. खरी अडचण होती ती दाराशी. लोक कागद दाखवीत नसत.

त्यांच्या या भीतीला कारण होते. इंग्रज सरकारने इनामांची चौकशी करण्यासाठी इनाम कमिशन नेमले होते आणि १८५२ च्या कायद्याने त्याला मोठे अधिकार दिले होते. सनद नसली तर इनाम जाई, आणि दाखविलेल्या सनदेत काही उणे निघाले तरी जाई. पुष्कळांची इनामे अशी खालसा झाली. त्या दिवसांत घाबरलेल्या कुटुंबांनी आपले दप्तर दडवून ठेवले, आणि कागद परक्याच्या हाती द्यावयाचा नाही, हा धडा मुलानातवांना दिला. शिवाय भाऊबंदकी होतीच. वतनाचा तंटा चालू असताना आपला कागद चुलत्याच्या दृष्टीस पडला तर काय, ही धास्ती. अशा घरी राजवाड्यांना एकदा नव्हे, अनेकदा हेलपाटे घालावे लागत. घरधन्याचा विश्वास बसला म्हणजे पेटारा उघडे. न बसला तर रिकाम्या हाती परतावे लागे.

कधी कधी पेटारा उघडे आणि आत वाळवीने केलेली माती तेवढी निघे. काही घरांतील कागद वाण्याकडे रद्दीत गेलेले असत आणि त्यांच्या पुड्या होऊन गावभर पसरलेले असत. काही बंबात जळलेले असत. काहींचा तर लगदा करून घरातील बायकांनी टोपल्या लिंपलेल्या असत! यात त्यांचा दोष काय? वाचता न येणारा कागद घरात अडगळच ठरतो. परंतु एखाद्या घराण्याच्या दोनशे वर्षांच्या आठवणी अशा एका दिवसात नाहीशा होत, आणि त्या पुन्हा कोठूनही मिळण्यासारख्या नसत. म्हणूनच राजवाड्यांना घाई होती.

या कागदांत असे तरी काय? राजे आणि लढाया यांची हकीकत असेच, पण ती मुख्य नव्हे. वतनाबद्दल तंटा उपस्थित झाला म्हणजे प्रत्येक पक्षाला आपल्या घराण्याची हकीकत पंचांपुढे मांडावी लागे. मूळ पुरुष कोण, तो कोठून आला, त्याला वतन कोणी व का दिले, त्याचे पुत्र किती, दुष्काळात कोण परागंदा झाला, कोण परत आला, हे सारे त्यात येई. अशा हकीकतीला करीना म्हणत. पंचांच्या समक्ष झालेल्या निर्णयाचा कागद म्हणजे महजर. त्यावर गावच्या पाटील-कुलकर्ण्यांच्या आणि बलुतेदारांच्या निशाण्या असत. सुताराची किंकरी, कुणब्याचा नांगर अशी ती चित्रे पाहिली म्हणजे ज्यांची नावे कोणत्याच बखरीत नाहीत अशी माणसेही डोळ्यांपुढे उभी राहतात. राजवाड्यांच्या मालेचे बावीस खंड निघाले. त्यांतील काही शिवकालीन घराण्यांच्या अशाच कागदांनी भरलेले आहेत.

मात्र प्रत्येक कागदावर विश्वास ठेवून चालत नसे. आपल्या घराण्याची थोरवी सांगताना कोणाचाही हात थोडा सैल सुटतो, आणि वतनासाठी तर बनावट कागदही केले जात. तेव्हा कागदाचा पोत, अक्षराचे वळण, शिक्का, भाषा, सारे पारखून घ्यावे लागे. आणखी एक पेच कालगणनेचा असे. जुन्या पत्रांत वर्ष पुष्कळदा अरबी शब्दांत लिहिलेले असते. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ असे लिहिले असेल तर इहिदे म्हणजे एक, सितैन म्हणजे साठ, मया म्हणजे शंभर आणि अलफ म्हणजे हजार, मिळून ११६१. हे शुहूर सनाचे वर्ष. ते मृगाच्या सुमारास सुरू होते. त्यात मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ आणि जानेवारीपासून पुढे ६०० मिळविले की इसवी सन येतो. म्हणजे हे पत्र १७६० किंवा १७६१ चे, पानिपतच्या रणसंग्रामाच्या वर्षातले! पण अनेक पत्रांत वर्षच नसे. नुसता महिना आणि तिथी असे. मग पत्रात आलेल्या माणसांवरून, मुक्कामांवरून आणि प्रसंगांवरून वर्ष ठरवावे लागे. एकेका पत्रासाठी राजवाडे अशी खटपट करीत.

हे काम एकट्याचे नव्हे, हे ओळखून राजवाडे आणि सरदार खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांनी ७ जुलै १९१० रोजी पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले. विश्वासाने कागद सोपवावेत अशी एक जागा त्यामुळे लोकांना मिळाली. घरोघरच्या दप्तरांना किती मोल आहे, हे १९१६ साली एका उदाहरणाने सर्वांच्या लक्षात आले. भोरजवळच्या कारी गावच्या जेधे देशमुखांच्या घरी एक जुनी शकावली जपून ठेवलेली होती. शकावली म्हणजे वर्षावर्षाने केलेली घटनांची टाचणे. जेध्यांकडून मिळालेली ती शकावली लोकमान्य टिळकांनी मंडळाच्या द्वारे प्रसिद्ध केली. तीत शिवाजी महाराजांचा जन्म शके १५५१ च्या फाल्गुन वद्य तृतीयेस झाल्याची नोंद निघाली. तो दिवस १९ फेब्रुवारी १६३० चा. आज महाराष्ट्रात ज्या तारखेस शिवजयंती पाळली जाते, तिचा एक प्रमुख आधार असा एका देशमुखाच्या घरात सापडला.

राजवाड्यांचे लक्ष केवळ शिवकाल आणि पेशवाई यांवर नव्हते. माणसांची आडनावे, गावांची नावे, क्रियापदांचे धातू, जे जे पूर्वजांकडून आले ते ते त्यांना इतिहासाचा पुरावा वाटे. उत्तर कोकणातील कुळांची ‘महिकावतीची बखर’ त्यांनी १९२४ साली प्रसिद्ध केली. तिच्यातील एक भाग फार जुना, शके १३७० मधला, म्हणजे इ. स. १४४८ चा आहे. परचक्राने कुळे विस्कटली, आचार विसरला, कोण कोणाचा हे कळेनासे झाले. तेव्हा मालाडच्या नायकोराव देसल्याच्या पुढाकाराने केशवाचार्यांनी कुळे, गोत्रे आणि कुळदेवता यांची नोंद केली. आज मालाड म्हणजे मुंबईचे गजबजलेले उपनगर आहे. तेथे पावणेसहाशे वर्षांपूर्वी माणसांनी एकत्र येऊन आपल्या पूर्वजांच्या आठवणी लिहून घेतल्या, ही गोष्ट राजवाड्यांना किती आपली वाटली असेल!

स्वभावाने राजवाडे तापट व हेकेखोर होते. मताला मुरड घालणे त्यांना ठाऊक नव्हते. इंग्रजी उत्तम येत असूनही त्यांनी आपले लेखन निश्चयाने मराठीतच केले. त्यांची काही अनुमाने घाईची होती आणि पुढच्या संशोधकांनी ती खोडून काढली. पण ज्या कागदांच्या आधाराने त्यांची चूक दाखविता आली, त्यांतील कितीतरी कागद त्यांनीच मिळवून छापलेले होते. पुण्याच्या मंडळींशीही पुढे त्यांचे पटेना, तेव्हा ते दूर झाले. अखेरच्या काळात ते धुळ्यास राहिले. तेथे शब्दांच्या व्युत्पत्तीचे प्रचंड काम त्यांनी हाती घेतले होते. ते चालू असतानाच ३१ डिसेंबर १९२६ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या मागे मूलबाळ नव्हते, घरदार नव्हते, ठेव नव्हती. होती ती हस्तलिखिते, टिपणे आणि जमविलेले कागद. धुळ्यातील त्यांच्या चाहत्यांनी लगोलग राजवाडे संशोधन मंडळ काढले आणि तो सारा संग्रह आपल्या ताब्यात घेतला. त्यातून त्यांचे अपुरे राहिलेले कोश पुढे छापून निघाले. ज्याने शेकडो घराण्यांची दप्तरे वाळवीच्या तोंडून सोडविली, त्याचे दप्तर परक्यांनी आपल्या घरचे समजून सांभाळले.