जोतीरावांचा निर्मिक आणि आपला प्रश्न

धायरीहून सिंहगड रस्त्याने पुढे गेले की खडकवासल्याचे धरण लागते. या धरणाच्या बांधकामाला दगड पुरविणाऱ्या ठेकेदारांत क्रांतिबा जोतीराव फुले होते, हे धायरी परिसरातल्या किती घरांना ठाऊक आहे? त्याच धायरीत आज मराठवाड्यातून, विदर्भातून पोटासाठी आलेली कुटुंबे राहतात. एकाच इमारतीत बौद्ध आहेत, ख्रिस्ती आहेत, माळी-मराठा आहेत, मुसलमान आहेत. अशा वस्तीत फुले-आंबेडकर जयंती झाली की तरुण कार्यकर्ते एक प्रश्न हमखास काढतात. जोतीराव निर्मिकाला, म्हणजे निर्माणकर्त्याला मानत होते. बाबासाहेबांनी दिलेल्या धम्मात निर्माणकर्त्याला जागा नाही. मग बाबासाहेबांनी बुद्ध आणि कबीर यांच्या जोडीने जोतीरावांना गुरू कसे मानले? ख्रिस्ती घरातून चळवळीत आलेल्या तरुणाचा प्रश्न याहून जवळचा असतो. चर्च आणि पाद्री मनाला पटत नाहीत, पण आईने शिकविलेली प्रार्थना आणि येशूवरचे प्रेम सुटत नाही. त्याने काय करावे?

या दोन्ही प्रश्नांची उत्तरे पोथीत नाहीत, जोतीरावांच्या आयुष्यात आहेत.

जोतीरावांचा जन्म १८२७ चा. आई चिमणाबाई ते वर्षाचेही नसताना गेल्या. त्यांना वाढविले ते सगुणाबाई क्षीरसागर यांनी. सगुणाबाई मिशनरी साहेबाच्या घरी काम करीत. शिक्षणाचे मोल त्यांनी तिथे पाहिले होते. भटशाहीच्या दडपणाखाली वडील गोविंदरावांनी मुलाची शाळा सोडविली, तेव्हा गफ्फार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब या दोन शेजाऱ्यांनी त्यांची समजूत घातली. एक मुसलमान, दुसरे ख्रिस्ती. १८४१ मध्ये जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत दाखल झाले. ज्या धर्माने त्यांना शूद्र ठरविले त्याने शाळेची दारे लावून घेतली होती. परक्या धर्माच्या माणसांनी ती उघडली. हे उपकार जोतीराव कधी विसरले नाहीत.

ही शाळा प्रॉटेस्टंट पंथाची होती. तिथे बायबल शिकवीत, येशूची शिकवण सांगत. याच काळात पुण्या-मुंबईकडे शिकलेले काही तरुण ख्रिस्ती झाले. बाबा पदमनजी यांनी १८५४ मध्ये बाप्तिस्मा घेतला. जोतीरावांनी मात्र घेतला नाही. का घेतला नाही? समाजाच्या भीतीने म्हणावे, तर ज्या माणसाला १८४९ मध्ये मुलींची शाळा चालविल्याबद्दल बापाचे घर सोडावे लागले, ज्याने १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, त्याला कसली भीती?

उत्तर त्यांच्या वाचनात सापडते. १८४७ च्या सुमारास त्यांच्या हाती थॉमस पेन यांचा मानवी हक्कांवरील ग्रंथ आला. पेन १७३७ मध्ये इंग्लंडमध्ये क्वेकर बापाच्या घरी जन्मला. सृष्टीचा निर्माणकर्ता आहे, पण त्याने कोणतेही पुस्तक धाडले नाही, अवतार घेतला नाही, दलाल नेमला नाही, अशी त्याची श्रद्धा होती. युरोपात या विचाराला डीइझम म्हणतात. तो तिथे नास्तिकांच्या घरी जन्मला नाही, धार्मिक घरांतल्या, पाद्र्यांच्या शाळांतल्या मुलांनीच तो वाढविला. फ्रान्सचा व्हॉल्टेअर कॅथलिक जेझुइट पाद्र्यांच्या शाळेत शिकला. पाद्र्यांच्या सत्तेवर त्याने आयुष्यभर कोरडे ओढले. तरीही फर्ने गावी त्याने चर्च बांधले आणि ते कोणा संताच्या नावे न करता थेट ईश्वराला अर्पण केले. लहानपणी मिळालेल्या ईश्वराला त्याने टाकले नाही. मधला दलाल तेवढा टाकला.

जोतीरावांनी हेच केले, पण एक पाऊल पुढे जाऊन. व्हॉल्टेअरचा झगडा पाद्र्याच्या सत्तेशी होता. जोतीरावांचा झगडा माणसाला जन्मानेच नीच ठरविणाऱ्या व्यवस्थेशी होता. म्हणून त्यांचा निर्मिक हा केवळ तत्त्वज्ञानाचा सिद्धांत उरला नाही. सर्व स्त्री-पुरुष एकाच निर्मिकाने निर्माण केले, म्हणून सर्वांचे हक्क सारखे. त्या हक्कांच्या आड येणारा तो निर्मिकाचा गुन्हेगार. निर्मिक हा जोतीरावांच्या हातात समतेचा दस्तऐवज होता.

येशूचे त्यांनी काय केले, हे त्याहून महत्त्वाचे आहे. १८५५ च्या तृतीय रत्न नाटकात भोळ्या कुणबी जोडप्याला जोशी लुबाडतो आणि पाद्री त्यांना विचार करायला लावतो. १८७३ च्या गुलामगिरीत तर येशू हा बळीराजाच्या परंपरेतला दुसरा बळी म्हणून उभा राहतो. देवाचा एकुलता पुत्र म्हणून नव्हे, पायदळी तुडविलेल्यांचा कैवारी म्हणून. आपल्या कुणब्याच्या घरात दिवाळीला ज्या बळीचे राज्य येवो म्हणतात, त्या बळीच्या शेजारी त्यांनी येशूला बसविले. मिशनच्या शाळेने दिलेला येशू त्यांनी ठेवला, त्याच्याभोवतीचे देवपण उतरवले. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये ख्रिस्ती झाल्या तेव्हा सनातन्यांनी गहजब केला. जोतीरावांनी १८८५ च्या सत्सारमध्ये रमाबाईंची बाजू घेतली. स्वतः बाप्तिस्मा न घेणारा माणूस बाप्तिस्मा घेणाऱ्या बाईच्या पाठीशी उभा राहिला.

आणखी एक प्रश्न त्यांच्या मनात घर करून असला पाहिजे. तो त्यांच्याच शाळेतल्या मुक्ता साळवे या मांगाच्या मुलीने विचारला होता. १८५५ मध्ये ज्ञानोदयात आलेल्या निबंधात तिने म्हटले होते की वेद जर ब्राह्मणांचेच, तर आमच्याजवळ धर्मपुस्तकच नाही, मग आमचा धर्म कोणता? या प्रश्नाला मिशनरीचे उत्तर तयार होते, आमचे पुस्तक घ्या. जोतीरावांनी उत्तराला पस्तीस वर्षे घेतली. २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन झाला. भटाशिवाय लग्ने लागू लागली. १८८८ मध्ये पक्षाघाताने उजवा हात निकामी झाला, तेव्हा त्यांनी डाव्या हाताने सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक लिहिले. ते त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ मध्ये छापले गेले. नावातला सार्वजनिक हा शब्दच मुक्ताच्या प्रश्नाचे उत्तर आहे. या पुस्तकात निर्मिक आहे, पण त्याला फुले वाहायची नाहीत, नैवेद्य दाखवायचा नाही, नामाचा जप करायचा नाही. त्याची भक्ती म्हणजे सत्य वर्तन.

याच पुस्तकात जोतीरावांनी एका कुटुंबाची कल्पना मांडली आहे. बाईने वाटल्यास बौद्ध व्हावे, तिच्या नवऱ्याने ख्रिस्ती, मुलीने मुसलमान आणि मुलाने सार्वजनिक सत्यधर्मी. चौघांनी एका छताखाली राहावे, कोणी कोणाचा हेवा करू नये. आजही लव्ह जिहादच्या नावाने पोरापोरींची नावे तपासणाऱ्या टोळ्यांना हे पान वाचून दाखविले पाहिजे. आणि चर्च सोडलेल्या आपल्या त्या तरुणालाही. पाद्र्याची सत्ता नाकारणे म्हणजे आईला नाकारणे नव्हे. तिची प्रार्थना तिला करू द्या. आपण सत्याने वागावे, एवढेच जोतीरावांचे मागणे आहे.

आता पहिला प्रश्न. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये शूद्र पूर्वी कोण होते हा ग्रंथ जोतीरावांना अर्पण केला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत देवदेवता आणि अवतार नाकारले. बुद्ध आणि त्यांचा धम्म या ग्रंथात ईश्वरावरील श्रद्धा हा धम्माचा भाग नव्हे, असे स्पष्ट केले. म्हणजे जोतीराव जिथे थांबले, त्याच्या पुढे बाबासाहेब गेले. पण मार्ग एकच होता. जोतीरावांनी दलाल काढला आणि ईश्वराच्या भक्तीचे रूपांतर नीतीत केले. बाबासाहेबांनी नीतीलाच धम्माच्या जागी बसविले. गुरूच्या शेवटच्या पायरीवर शिष्याने थांबलेच पाहिजे, असा नियम कोणी केला? जोतीरावांचा निर्मिक लपविण्याची आपल्याला गरज नाही आणि त्याची पूजा मांडण्याचीही नाही.

धोका दुसरीकडे आहे. नामजप निरर्थक ठरविणाऱ्या माणसाच्या तसबिरीपुढे आज उदबत्ती लागते, आरती होते. दलाल दाराबाहेर काढला, तो खिडकीतून आत येतो आहे.

जोतीरावांची अखेरही बोलकी आहे. आपला देह मिठात पुरावा, अशी त्यांची इच्छा होती. त्यासाठी घराच्या मागे खड्डाही खणून ठेवला होता. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते गेले. वस्तीत पुरायला नगरपालिकेने परवानगी दिली नाही, ज्या नगरपालिकेत ते स्वतः सदस्य राहिले होते. शेवटी दहन करावे लागले. तेव्हा टिटवे कोणी धरायचे यावर भाऊबंदांनी वाद घातला. सावित्रीमाई पुढे झाल्या आणि त्यांनी टिटवे हाती घेतले. पेनच्या वाट्यालाही हेच आले. क्वेकरांनी आपल्या दफनभूमीत त्याला जागा नाकारली आणि १८०९ मध्ये त्याला त्याच्या शेतात पुरावे लागले. दलाल नाकारणाऱ्यांना मरणानंतरही किंमत मोजावी लागते.

खडकवासल्याच्या धरणाला दगड पुरविणाऱ्या या माणसाने आपल्या हाती एक कसोटीही दिली आहे. कोणताही धर्म, कोणताही ग्रंथ, कोणताही नेता समोर आला की विचारा, याने माणूस मोठा होतो की दलाल? धायरीच्या वाचनालयात, विहारात, चर्चच्या अंगणात, जिथे चार माणसे जमतील तिथे हा प्रश्न विचारला गेला पाहिजे.

जय जोती! जय भीम!