विश्लेषण : दबलेला मज्जारज्जू मोकळा करण्याची वाट कोणी दाखवली?

मानेत मज्जारज्जू दबला की हातांची पकड सुटते, चाल अडखळते. हा दाब शस्त्रक्रियेने काढता येतो, ही वाट रुळवणाऱ्यांत लंडनचे शल्यविशारद व्हिक्टर हॉर्स्ली अग्रणी होते.

कोण होते हॉर्स्ली?
जन्म १८५७ चा. १८८६ मध्ये ते लंडनच्या क्वीन स्क्वेअर येथील मज्जाविकार रुग्णालयात शल्यविशारद झाले. तेव्हा एक्स-रेही नव्हता. मणका कुठे उघडायचा, हे लक्षणांवरूनच ठरे.

१८८७ मध्ये काय घडले?
विल्यम गॉवर्स यांनी पाय लुळे पडलेल्या एका रुग्णाच्या पाठीच्या मणक्यात गाठ असल्याचे निदान केले. हॉर्स्लींनी मणक्यांची मागची हाडे काढली, पण गाठ दिसेना. न थांबता त्यांनी आणखी वरचे हाड काढले आणि गाठ सापडली. रुग्ण पुन्हा चालू लागला.

मानेसाठी आज कोणते पर्याय?
मागचे हाड काढणे म्हणजे लॅमिनेक्टॉमी. १९५० च्या दशकात गळ्याच्या पुढून चकती काढून मणके जोडणे सुरू झाले. जपानमध्ये १९७० च्या दशकात हाड दारासारखे उघडणारी लॅमिनोप्लास्टी आली. दाब पुढून आहे की मागून, किती मणक्यांवर आहे आणि मानेचा बाक कसा आहे, यावर निवड ठरते.

अखेर कशी झाली?
पहिल्या महायुद्धात सेवा बजावताना १९१६ मध्ये मेसोपोटेमियातील अमारा येथे, वयाच्या ५९ व्या वर्षी. हाडातील रक्तस्राव थांबवणारे त्यांचे मेण पुढेही वापरात राहिले. एक मर्यादा मात्र कायम आहे : दाब फार काळ राहिला, तर गेलेले बळ पूर्ण परतेलच असे नाही.