सुटकेनंतर कोठे? पंडिता रमाबाईंचे उत्तर

ऑगस्ट २०२१ मध्ये नागपूरच्या पोलिसांनी गंगा-जमुना या वस्तीकडे जाणाऱ्या वाटा अडथळे उभारून बंद केल्या. देहविक्रयाचा धंदा मोडावा, अल्पवयीन मुलींचा व्यापार थांबवावा, असा या कारवाईमागचा हेतू सांगितला गेला आणि त्या हेतूशी कोणाचा मतभेद असण्याचे कारण नाही. परंतु या बंदीविरुद्ध रस्त्यावर आल्या त्या त्याच वस्तीतील स्त्रिया. बाजार बंद झाल्यावर पोट कसे भरावयाचे, हा त्यांचा प्रश्न होता आणि त्याचे उत्तर अडथळ्यापाशी उभ्या असलेल्या शिपायाकडे असणे शक्य नव्हते.

हा प्रश्न नवा नाही. नागपूर ही मध्य प्रांताची राजधानी होती, त्या काळात, १८९६-९७ च्या दुष्काळात, याच प्रांतातील छावण्यांत एका स्त्रीने तो डोळ्यांनी पाहिला आणि उरलेले आयुष्य त्याचे उत्तर उभारण्यात वेचले. पंडिता रमाबाई महाराष्ट्राला ठाऊक आहेत त्या विदुषी म्हणून आणि धर्मांतरामुळे वादग्रस्त ठरलेल्या सुधारक म्हणून. नाडल्या गेलेल्या स्त्रियांना बाजाराच्या तोंडून सोडवून स्वतःच्या पायांवर उभे करणारी व्यक्ती म्हणून त्यांचे स्मरण मात्र क्वचितच होते.

रमाबाईंचा जन्म १८५८ मध्ये सह्याद्रीतील गंगामूळच्या रानात झाला. पत्नीला संस्कृत शिकविण्याचा हट्ट धरल्यामुळे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांना स्वजनांचा रोष पत्करावा लागला होता. पुढे तीर्थयात्रा व पुराणकथन हेच या कुटुंबाचे जीवन झाले. १८७० नंतरच्या दशकात दक्षिणेत पडलेल्या दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण ही तिघेही थोड्या काळाच्या अंतराने गेली. रमाबाई आणि त्यांचे बंधू श्रीनिवास अर्धपोटी, अनवाणी, हिंदुस्थानभर पायी हिंडत राहिले. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी ज्या तरुणीला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या, तिने उपासमार ग्रंथांतून नव्हे, देहाने जाणलेली होती. रमाबाईंच्या पुढील कार्याची किल्ली पांडित्यापेक्षा या अनुभवात अधिक आहे.

१८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी जातिबंधन झुगारून नोंदणी पद्धतीने विवाह केला. १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने पतीचाही अंत झाला. कन्या मनोरमा तेव्हा वर्षाचीही नव्हती. त्याच वर्षी रमाबाई पुण्यास आल्या, आर्य महिला समाज स्थापिला, ‘स्त्रीधर्मनीति’ लिहिले आणि हंटर आयोगापुढे स्त्रीशिक्षणाविषयी साक्ष दिली.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील धर्मभगिनींनी त्यांना लंडनच्या फुलहॅम भागातील आपल्या आश्रमात पाठविले. ज्यांना समाज ‘पतित’ म्हणून टाकून देतो, अशा स्त्रियांसाठी तो आश्रम होता. तेथे पूर्वी याच स्थितीत असलेल्या काही स्त्रिया इतर दुःखितांची सेवा करीत असलेल्या रमाबाईंना दिसल्या. धर्मशास्त्राचा व्यासंग केलेल्या या स्त्रीला अशा स्त्रीच्या वाट्याला प्रायश्चित्त आणि बहिष्कार येतो हे माहीत होते. तिला पुन्हा माणसांत घेण्याची सोय मात्र त्यांनी प्रथमच पाहिली. त्यामागील प्रेरणेचा शोध घेताना विहिरीपाशी आलेल्या शोमरोनी स्त्रीशी ख्रिस्ताने केलेल्या संवादाची कथा त्यांच्यापुढे आली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. रमाबाईंच्या धर्मांतराची चर्चा अनेक अंगांनी झाली आहे. त्याचा एक मोठा धागा या आश्रमापर्यंत जातो, हे मात्र त्या चर्चेत बहुधा सुटून जाते.

अमेरिकेत त्यांनी १८८७ मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरील इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. बोस्टन येथे त्यांच्या साहाय्यार्थ मंडळी एकत्र आली आणि विधवांच्या शाळेस दहा वर्षे द्रव्यसाहाय्य देण्याचे ठरले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले आणि पुढच्याच वर्षी ते पुण्यास हलविण्यात आले. धर्माच्या बाबतीत संस्था तटस्थ राहील, असा तिचा करार होता. तेथील पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई हिच्याशी धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये विवाह केला, आणि १८९६ मध्ये कर्व्यांनी विधवांसाठी स्वतंत्र संस्था काढली. परंतु १८९३ हेच वर्ष शारदा सदनावरील वादळाचेही होते. काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेस बसतात, त्यांचा कल ख्रिस्ती धर्माकडे होतो, असा आक्षेप आला, ‘केसरी’ने टीकेची झोड उठविली, रानडे आणि भांडारकर यांच्यासारख्या सल्लागारांनीही अंग काढून घेतले.

यानंतरच्या काळात रमाबाई यात्रेकरूच्या वेषात वृंदावनास जाऊन आल्या. मोक्षाच्या आशेने तीर्थक्षेत्री आलेल्या निराधार विधवांना दलाल कसे गाठतात, आसऱ्याच्या मोबदल्यात त्यांच्याकडून काय वसूल केले जाते आणि वय उलटल्यावर त्यांना कसे रस्त्यावर सोडले जाते, हे त्यांनी पाहिले. स्त्रीला या धंद्यात ढकलणारी शक्ती तिच्या स्वभावात नसून तिच्या निराधारपणात आहे, हा निष्कर्ष तेथे अटळ होता.

त्याची दुसरी प्रचिती मध्य प्रांतात आली. १८९६-९७ च्या दुष्काळात प्रांताच्या उत्तरेकडील जिल्ह्यांत हाहाकार उडाला. सरकारने कामे काढली, अन्नगृहे उघडली. रमाबाई तेथे पोहोचल्या तेव्हा अन्नाच्या तुटवड्याबरोबरच त्यांना आणखी एक गोष्ट दिसली. छावणीतील तरुण मुली व विधवा ज्यांच्या हातून धान्य मिळावयाचे त्या मुकादमांच्या आणि शिपायांच्या मर्जीवर होत्या. आणि शहरांतील कुंटणखान्यांसाठी मुली गोळा करणारी माणसे याच ठिकाणी फिरत होती. दुष्काळात जनावरे मातीमोल विकली जातात, भांडी आणि दागिने जातात, शेवटी जमीन जाते. ज्यांच्याजवळ यांपैकी काहीच नसते, त्यांचा देहच विक्रीस निघतो. दलालास येथे भांडवल फारसे लागत नाही. भाकरीचा तुकडा पुरतो. रमाबाईंना हे हिशेब मांडून दाखविण्याची गरज नव्हती. आपल्या तारुण्यात याच उंबरठ्यावरून त्या थोडक्यात वाचल्या होत्या.

त्यांनी ३०० मुली व स्त्रिया आणण्याचे ठरविले. त्या वेळी त्यांच्याजवळ एवढ्यांना पोसण्याइतका निधी नव्हता आणि अमेरिकेच्या मदतीची मुदतही संपत आली होती. मात्र पुण्यापासून दूर, लोहमार्गावरील केडगाव येथे त्यांनी सुमारे १०० एकर जमीन आधीच घेऊन ठेविली होती. देणग्या आटल्या तरी संस्थेने फळबागेच्या उत्पन्नावर उभे राहावे, हा त्यामागचा विचार. पुण्यात प्लेग आला, नवीन माणसे शहरात ठेवण्यास बंदी झाली, आणि या मुलींना केडगावच्या माळावर झोपड्यांत न्यावे लागले. ‘मुक्ती’चा आरंभ असा झाला.

परधर्म स्वीकारलेली ही स्त्री परकीय सत्तेची मिंधी होती, असा समज अनेकांचा होता. १८९७ मध्ये प्लेगच्या इस्पितळात नेलेली आपल्या आश्रमातील एक मुलगी परत मिळाली नाही, तेथील पहारेकऱ्याच्या हाती ती सापडली, अशी जाहीर तक्रार रमाबाईंनी वृत्तपत्रातून केली. गव्हर्नर सँडहर्स्टने ती अमान्य केली. तरीही रमाबाई मागे हटल्या नाहीत. स्त्रीला नाडणारा माणूस तीर्थातला असो की सरकारी इस्पितळातला, त्यांच्या लेखी फरक नव्हता.

मुक्तीत आलेल्या साऱ्याच मुली बाजारात पोहोचण्यापूर्वी वाचल्या होत्या, असे नाही. काहींची आधीच विटंबना झाली होती, काही रोगग्रस्त होत्या. अशांसाठी रमाबाईंनी ‘कृपा सदन’ ही स्वतंत्र वास्तू उभारली. मराठीतील ‘पतिता’ हा शब्द पडलेलीचा निर्देश करतो आणि ढकलणाऱ्याला मोकळा सोडतो. रमाबाईंनी घराला नाव देताना तो शब्द टाळला, ही गोष्ट लहान असली तरी अर्थपूर्ण आहे.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे ही संस्था केवळ आश्रय देऊन थांबली नाही. १८९९-१९०० च्या दुष्काळात गुजरात व राजपुतान्यातून आणखी मुली आल्या आणि वस्ती सुमारे १९०० वर गेली. एवढ्या मोठ्या संख्येला बसून खाऊ घालणे कोणत्याही देणगीदाराला परवडले नसते, आणि ते हितकारकही झाले नसते. शेती, दुभती जनावरे, विणकाम, शिवण, तेलाचा घाणा, छापखाना अशी कामे निघाली आणि ती स्त्रियांनीच चालविली. ज्यांना अक्षर येईल त्यांनी शिक्षिका व्हावे, ज्यांना येणार नाही त्यांनी हाताचे कसब शिकावे, अंध मुलींनाही काम असावे, अशी ही रचना होती. रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून केलेल्या बायबलच्या मराठी भाषांतराचे खिळे याच स्त्रियांनी जुळविले आणि छपाईही त्यांनीच केली. जिची किंमत छावणीत मूठभर धान्य ठरली असती, ती आता मजुरी मिळविणारी कारागीर झाली होती.

या चित्राला दुसरी बाजू आहे. शारदा सदनाची धार्मिक तटस्थता मुक्तीत उरली नव्हती. तेथे आलेल्या बहुसंख्य मुली ख्रिस्ती झाल्या. भुकेने गांजलेली मुलगी आश्रयदात्याचा धर्म स्वीकारते तेव्हा त्या निवडीत स्वातंत्र्य किती असते, हा प्रश्न रास्त आहे आणि रमाबाईंविषयीच्या आदरापोटी तो दडपणे योग्य होणार नाही. परंतु तो विचारणाऱ्याने त्याच बैठकीत दुसऱ्या प्रश्नाचेही उत्तर द्यावे. त्या छावण्यांतून या मुलींना न्यावयास दुसरे कोण आले होते? दलाल आले होते. ज्या समाजाने आपले दार लावून घेतले, त्याला दुसऱ्याने उघडलेल्या दाराच्या चौकटीवर कोणते चिन्ह आहे याची तक्रार करण्याचा अधिकार थोडा कमीच उरतो.

१९२१ मध्ये मनोरमाबाई वारल्या. संस्थेचा भार वाहणारी कन्या गेल्यानंतर रमाबाई फार काळ जगल्या नाहीत. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे त्यांचे निधन झाले. संस्था आजही तेथे आहे.

स्वातंत्र्यानंतर १९५६ मध्ये स्त्रियांच्या अनैतिक व्यापाराविरुद्ध कायदा झाला. सोडविलेल्या स्त्रियांसाठी संरक्षणगृहांची तरतूद त्यात आहे. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या व्यवसायातील प्रौढ स्त्रियांनाही सन्मानाने वागविण्याचे निर्देश दिले. म्हणजे सोडविणाऱ्याने सुटणारीचे म्हणणेही ऐकले पाहिजे, हे आता मान्य झाले आहे. रमाबाईंच्या काळाहून हे पुढचे पाऊल होय. पण तिने नवे जीवन निवडावयाचे तर ते जीवन कोठेतरी उभे असावे लागते. भिंती, कुलूप आणि दोन वेळचे जेवण एवढ्याने ते उभे राहत नाही. त्याला जमीन लागते, कसब लागते, त्या कसबाला गिऱ्हाईक लागते आणि भूतकाळ न विचारणारी माणसे लागतात. धाड घालण्यास एक रात्र पुरते, केडगाव उभे राहण्यास कित्येक वर्षे लागली. या दोन कामांपैकी शासन आणि समाज यांनी सोपे काम पुनःपुन्हा केले आहे. अवघड काम एका विधवेने, अपुऱ्या पैशांत आणि सर्व बाजूंनी टीका होत असताना, करून दाखविले होते. नागपुरातील त्या वस्तीचा प्रश्न पुन्हा जेव्हा चर्चेला येईल, तेव्हा किती वाटा बंद केल्या याबरोबरच किती दारे उघडली, हाही हिशेब मागितला गेला पाहिजे.