नाइटिंगेलबाई व त्यांच्या शिकाऊ परिचारिका

हाती दिवा घेऊन रात्री रोग्यांच्या खाटांमधून फिरणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे चित्र आमच्या बहुतेक वाचकांनी पाहिलेच असेल. चित्र मनोहर खरे. परंतु बाईंचे मोठेपण त्या दिव्यापेक्षा त्यांच्या आकड्यांच्या वहीत अधिक दिसते, असे आम्हांस वाटते.

त्यांचा जन्म 12 मे 1820 रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरी एका सधन इंग्रज कुटुंबात झाला. शहरावरूनच मुलीचे नाव पडले. रोग्यांची शुश्रूषा हे त्या काळी कुलीन स्त्रीचे काम मानीत नसत. त्यामुळे घरच्यांचा विरोध कित्येक वर्षे टिकला. अखेर 1851 साली जर्मनीतील कायझर्सवर्थ येथे तीन महिने राहून त्या हे काम शिकल्या.

पुढे क्रिमियाचे युद्ध जुंपले. 1854 च्या नोव्हेंबरात 38 परिचारिकांसह बाई तुर्कस्तानातील स्कुटारीच्या लष्करी इस्पितळात पोहोचल्या. अन्न, कपडे, अंथरुणे यांची त्यांनी नीट व्यवस्था लावली. तरीही त्या हिवाळ्यात मृत्यू वाढतच गेले. 1855 च्या फेब्रुवारीत दाखल झालेल्यांपैकी शेकडा 42 शिपाई दगावले, व तेही बहुतेक जखमांनी नव्हे, तर ज्वर, हगवण अशा रोगांनी. मार्चमध्ये सरकारी आरोग्यमंडळ आले. तुंबलेली गटारे साफ झाली, हवा खेळती झाली. जूनमध्ये तेच प्रमाण शेकडा 2 वर उतरले!

मायदेशी परतल्यावर विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञांच्या साह्याने बाईंनी हे आकडे तपासले. इस्पितळच घातक असेल तर जिवापाड केलेली शुश्रूषाही अपुरी पडते, हे त्यांतून उघड झाले. दुसरे कोणी लोकांच्या स्तुतीवर संतुष्ट राहिले असते. यांनी मात्र 1859 साली पुस्तक लिहून इस्पितळाचे पहिले कर्तव्य रोग्यास अपाय न करणे हेच होय, असे बजावले.

1860 साली लंडनच्या सेंट टॉमस इस्पितळात त्यांच्या निधीतून परिचारिकांची शाळा निघाली. शिक्षण एक वर्षाचे. केवळ पाठांतर तेथे उपयोगाचे नव्हते. मलमपट्टी कशी बांधते, रोग्याच्या पाठीस चट्टे पडू देते काय, त्याच्या स्थितीतील फरक अचूक टिपते काय, याची प्रत्येक विद्यार्थिनीबद्दल दरमहा नोंद होई. अंथरुणावर पडून झालेले चट्टे हा बहुधा रोगाचा नव्हे, शुश्रूषेचा दोष, असे बाईंचे मत होते. दिवसातून वारंवार हात धुण्याचा त्यांचा आग्रहही तितकाच कडक असे.

ही कसोटी त्यांनी स्वतःच्या कामासही लावली. किंग्ज कॉलेज इस्पितळात त्यांच्याच निधीतून सुइणींच्या शिक्षणासाठी प्रसूतिकक्ष चालत असे. तेथे बाळंतज्वराने माता दगावू लागल्या, तेव्हा 1867 साली तो बंद झाला. बाईंनी ठिकठिकाणचे आकडे जमविले; घरी बाळंत होणाऱ्या स्त्रियांपेक्षा प्रसूतिगृहांतील स्त्रिया अधिक मरतात, असे त्यांना आढळले, आणि 1871 साली त्यांनी ते छापून प्रसिद्ध केले.

13 ऑगस्ट 1910 रोजी, नव्वदाव्या वर्षी, लंडन येथे त्यांचे देहावसान झाले. ईस्ट वेलो गावच्या त्यांच्या थडग्यावर नावाची दोन आद्याक्षरे व जन्ममृत्यूची नोंद एवढेच कोरलेले आहे.