डासांचे गणित मांडणारा वैद्य : सर रोनाल्ड रॉस



यंदाच्या स्मरणिकेसाठी विद्यार्थ्यांस उपयोगी पडेल असे एखादे चरित्र लिहून द्यावे, अशी संपादक मंडळींची आज्ञा झाली. मी कोणी विद्वान नव्हे. मॅट्रिक होऊन शिक्षकी पेशात शिरलो आणि उमेदीची सारी वर्षे मुलांना पाढे व अंकगणित शिकविण्यात घालविली. तेव्हा गणिताशी नाते असलेलाच एखादा थोर पुरुष निवडावा, हे ओघानेच आले. निवडीस आणखीही एक कारण आहे. आपल्या मंडळाच्या गुणगौरव समारंभात दहावी उत्तीर्ण झालेल्या मुलांची विचारपूस करताना पुष्कळ पालक मोठ्या समाधानाने सांगतात की, मुलाला डॉक्टर करावयाचे असल्यामुळे अकरावीस गणित सोडून दिले. त्यात नियमाविरुद्ध काही नाही. परंतु असे ऐकले म्हणजे मला सर रोनाल्ड रॉस यांची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

हिवतापाचा प्रसार डासांमुळे होतो, हे सिद्ध करणारे शास्त्रज्ञ म्हणून रॉस यांचे नाव शाळेतल्या मुलांच्याही कानावर असते. परंतु डास शोधून झाल्यावर याच गृहस्थांनी पुढे अनेक वर्षे डासांचे गणित मांडले आणि त्या गणितातून एक नवे शास्त्र उभे राहिले, ही हकीकत फार थोड्यांस ठाऊक असते. तीच येथे थोडक्यात सांगावयाची आहे.

रोनाल्ड रॉस यांचा जन्म १३ मे १८५७ रोजी हिमालयाच्या कुशीतील अल्मोडा येथे झाला. वडील हिंदुस्थानातील लष्करात मोठे अधिकारी होते. वयाच्या आठव्या वर्षी मुलाला शिक्षणासाठी इंग्लंडला धाडण्यात आले. मुलाचा ओढा चित्रकला, काव्य व संगीत यांकडे. परंतु वडिलांच्या इच्छेपुढे मान तुकवून त्याने लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात वैद्यकाचा अभ्यास केला. या अभ्यासात त्यांचे मन रमले नाही. एका परीक्षेत ते अनुत्तीर्णही झाले. अखेर १८८१ साली इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये त्यांची निवड झाली आणि ते मद्रास इलाख्यात रुजू झाले.

लष्करी डॉक्टरास त्या काळी रिकामा वेळ पुष्कळ असे. रॉस यांनी तो गणितात घालविला. या विषयाची पुस्तके त्यांनी पंचविशीच्या सुमारास पुन्हा उघडली आणि कोणाचीही शिकवणी न लावता ते पुढे पुढे जात राहिले. हा छंद त्यांना जन्मभर पुरला. त्यांनी कविता व कादंबऱ्या लिहिल्या, तसेच शुद्ध गणितावरही लेखन केले. नोकरीच्या दृष्टीने यांतील कशाचाच उपयोग नव्हता. परंतु विद्या वाया जात नाही, हे आपण पुढे पाहणारच आहोत.

१८८३ साली त्यांची नेमणूक बंगलोर येथे झाली. बंगला चांगला होता, पण डासांनी जीव नकोसा केला. शोध घेता खिडकीशेजारच्या पाण्याच्या पिंपात असंख्य अळ्या वळवळताना दिसल्या. रॉस यांनी पिंप उपडे केले आणि बंगल्यातील डास झपाट्याने कमी झाले. इतर ठिकाणचे साचलेले पाणीही काढून टाकावे, असे त्यांनी तेथील एका लष्करी अधिकाऱ्यास सुचविले. परंतु सृष्टिक्रमात ढवळाढवळ नको, अशा विचाराने त्या अधिकाऱ्याने ती सूचना मनावर घेतली नाही. डासांचा व तापाचा काही संबंध असेल, हे तेव्हा रॉस यांच्याही ध्यानी नव्हते.

त्या काळी हिवताप हा दलदलीतून उठणाऱ्या दूषित हवेमुळे होतो, अशी समजूत होती. लाव्हेराँ नावाच्या फ्रेंच डॉक्टराने १८८० साली रुग्णाच्या रक्तात या रोगाचे जंतू पाहिले होते. परंतु ते एका शरीरातून दुसऱ्या शरीरात कसे जातात, हे कोडे होते. १८९४ साली रजेवर लंडनला गेले असता पॅट्रिक मॅन्सन या अनुभवी डॉक्टरांनी रॉस यांना ते जंतू सूक्ष्मदर्शकातून दाखविले आणि डासांवर आपला संशय असल्याचे सांगितले. रॉस परतले ते ध्यास घेऊनच. सिकंदराबाद येथे त्यांनी डास फाडून तपासण्यास आरंभ केला. उन्हाळ्याची तलखी असे. पण पंखा हलविला तर फाडलेले डास उडून जातील, म्हणून पंखा बंद ठेवावा लागे. घामाने सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू गंजले. हुसेन खान नावाचा एक रुग्ण डासांना स्वतःचे रक्त पिऊ देई आणि दर डासामागे एक आणा घेई. अखेर २० ऑगस्ट १८९७ रोजी ठिपकेदार पंखांच्या एका डासाच्या जठराच्या भिंतीत हिवतापाचे जंतू वाढत असलेले त्यांना दिसले. त्याच वर्षी इकडे मुंबई-पुण्यात प्लेगने हाहाकार माजविला होता, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या काळची परिस्थिती डोळ्यांपुढे उभी राहते.

पुढे त्यांची बदली हिवताप नसलेल्या ठिकाणी झाली. काम अडले, परंतु त्यांनी हाय खाल्ली नाही. १८९८ साली कलकत्त्यास त्यांनी पक्ष्यांच्या हिवतापावर प्रयोग केले आणि जंतू डासाच्या लाळग्रंथीत येऊन दंशावाटे दुसऱ्या शरीरात शिरतात, हे दाखवून दिले. माणसाच्या बाबतीत हेच इटलीतील ग्रासी व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच वर्षी सिद्ध केले. श्रेय कोणाचे, यावरून रॉस व ग्रासी यांच्यात जो कलह जुंपला तो जन्मभर मिटला नाही. रॉस स्वभावाने तापट व मानी होते. थोरांचे दोष झाकून चरित्र लिहू नये, म्हणून हे नमूद केले. १९०२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

येथपर्यंतची कथा बहुतेक पुस्तकांत असते. खरी अडचण यानंतर उभी राहिली. रोग डासांमुळे होतो हे कळले, तर मग डास कमी करा, असे रॉस सांगू लागले. लिव्हरपूलच्या उष्णकटिबंधीय रोगांच्या विद्यालयात ते अध्यापन करीत होते. सिएरा लिओन व सुएझ कालव्याकाठचे इस्माइलिया येथेही ते याच कामासाठी गेले. परंतु पुष्कळ जाणत्या लोकांना हा उपाय पटेना. त्यांचे आक्षेप दोन होते. एक, एका गावातले डास मारले तरी शेजारून दुसरे येणार. दुसरा, सगळे डास मारणे मनुष्याच्या हातचे नाही, आणि थोडे जरी उरले तरी रोग उरणार. मग व्यर्थ खर्च कशाला? लाहोरजवळच्या मियाँ मीर छावणीत १९०२ पासून डास कमी करण्याचा जो प्रयत्न झाला, तो फसल्याचा निर्वाळा सरकारी डॉक्टरांनी दिला आणि या आक्षेपांना बळ आले. वाद शब्दांनी मिटण्यासारखा नव्हता. तो आकड्यांनीच मिटला असता. येथे पंचविशीत जोडलेले गणित रॉस यांच्या मदतीस आले.

पहिल्या आक्षेपाचे उत्तर त्यांनी १९०४ साली अमेरिकेतील सेंट लुई येथील परिषदेत मांडले. डास बाणासारखा सरळ उडत नाही; तो क्षणात इकडे, क्षणात तिकडे असा भटकतो. अशा भटकण्यात बहुतेक डास जन्मस्थानाच्या आसपासच राहतात. फार दूर पोहोचणारे थोडे. म्हणजे पुरेसे मोठे क्षेत्र स्वच्छ केले, तर सीमेलगत डास येतील, पण मध्यभागी फारसे येणार नाहीत. या भटकंतीचे पूर्ण गणित सोडविण्यासाठी त्यांनी कार्ल पिअर्सन या थोर संख्याशास्त्रज्ञांस साकडे घातले. पिअर्सन यांनी १९०५ साली तो प्रश्न जाहीररीत्या मांडला, आणि त्यातून गणिताची जी शाखा वाढली ती आज पदार्थविज्ञानापासून बाजारभावांपर्यंत सर्वत्र वापरली जाते.

दुसऱ्या आक्षेपाचे उत्तर याहून मोलाचे आहे. ते मी फळ्यावर मांडावे तसे मांडतो. आकडे माझ्या सोयीचे आहेत, रॉस यांचे गणित याहून बरेच बारकाईचे होते. समजा, गावात एक रुग्ण आहे आणि त्यास हिवताप पसरविणाऱ्या जातीचे ४८ डास चावले. डासाच्या पोटात जंतू पक्व होण्यास दहाबारा दिवस लागतात. तोवर दोनतृतीयांश डास मरून गेले, तर उरतात १६. यांतील चौथ्या हिश्श्यालाच पुन्हा माणसास चावण्याची संधी मिळाली, तर उरतात ४. म्हणजे एका रुग्णापासून चार नवे रुग्ण झाले. चारांचे सोळा, सोळांचे चौसष्ट. ही झाली साथ. आता डबकी बुजवून डास चतुर्थांशावर आणले. ४८ ऐवजी १२ चावतील. १२ चे ४, ४ चा १. एका रुग्णामागे एकच नवा. रोग जागच्या जागी राहील. डास आणखी निम्मे केले, तर ६ चे २ आणि २ चा अर्धा. म्हणजे दोन रुग्णांमागे एक नवा. आज सोळा असतील, तर पुढे आठ, मग चार, मग दोन, आणि अखेरीस एकही नाही. लक्षात घ्या, गावात डास अजून आहेत. पण हिवताप मात्र नाहीसा होतो.

वाचकहो, केवळ त्रैराशिकाने उलगडणारी ही गोष्ट किती आशादायक आहे! शत्रूचा निर्वंश करण्याची गरज नाही. त्याला एका मर्यादेखाली आणून तेथे दाबून धरले की पुरे. ती मर्यादा कोठे आहे, हे मात्र गणितावाचून कळत नाही. रॉस यांनी मॉरिशस बेटातील हिवतापाची पाहणी करून १९०८ साली जो अहवाल दिला, त्यात हे गणित प्रथम मांडले. तेथे मुलांच्या पोटातील वाढलेली पानथरी तपासून, रोग किती पसरला आहे याचे त्यांनी मोजमाप केले. पुढे १९१० साली निघालेल्या आपल्या ग्रंथात व त्याच्या १९११ च्या आवृत्तीत त्यांनी ते अधिक विस्ताराने दिले.

एवढ्यावर ते थांबले नाहीत. जे हिवतापास लागू, ते इतर रोगांस का नसावे? आणि रोगांनाच का? माणसांच्या आयुष्यात घडणाऱ्या घटना त्यांनी दोन प्रकारांत विभागल्या. अपघातासारख्या काही घटना एकाच्या घडल्याने दुसऱ्याच्या घडत नाहीत. संसर्गजन्य रोग मात्र एकापासून दुसऱ्यास होतात. आणि संस्था, पंथ व पक्ष यांचे सभासदत्वही असेच एकाकडून दुसऱ्याकडे पसरते, असे त्यांनी दाखविले. आपल्या मंडळाचे सभासद कसे वाढले, हे आठवून पाहावे म्हणजे त्यांचे म्हणणे पटेल. या विचारास त्यांनी घटनांचा सिद्धांत असे नाव दिले. १९१६ व १९१७ साली हिल्डा हडसन या विदुषीच्या सहकार्याने त्यांनी तो पूर्ण केला. ही वर्षे महायुद्धाची होती, आणि त्यांचा थोरला मुलगा ऑगस्ट १९१४ मध्येच रणांगणावर पडला होता. पुत्रशोक उरात ठेवून हा वृद्ध पिता माणसे कशी वाचतील याची समीकरणे मांडीत होता. १६ सप्टेंबर १९३२ रोजी लंडन येथे त्यांचे देहावसान झाले.

विद्येचा वारसा कसा चालतो पाहा. १९०१ साली सिएरा लिओनच्या प्रवासात मॅकेंड्रिक नावाचा एक तरुण डॉक्टर रॉस यांच्यासमवेत होता. रॉस यांच्या सहवासाने त्यालाही गणिताची गोडी लागली. तोही पुढे इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये होता. १९२७ साली मॅकेंड्रिक आणि प्रयोगशाळेतील अपघातात दृष्टी गमावलेले कर्मॅक या दोघांनी एडिंबरो येथून साथीच्या रोगांचे जे गणित प्रसिद्ध केले, ते पडताळण्यासाठी त्यांनी आकडे घेतले आपल्या मुंबईचे. डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ या काळात प्लेगने आठवड्या-आठवड्याला झालेल्या मृत्यूंचे. ज्या मृत्यूंनी मुंबईतील कित्येक घरे ओस पाडली, त्यांची कोणी नोंद ठेवली म्हणून जगाला हे ज्ञान मिळाले. २०२० साली कोरोनाच्या दिवसांत एका रुग्णापासून किती जणांस लागण होते, हा आकडा आपण रोज बातम्यांत ऐकत होतो. त्या आकड्यामागे रॉस व मॅकेंड्रिक यांचीच परंपरा होती.

आता एक अनुभव सांगून पुरे करतो. माझ्या लहानपणी गावात फवारणी करणारे कर्मचारी येत आणि घराच्या भिंतीवर तारीख लिहून जात. आपल्या देशात १९५३ साली हिवताप नियंत्रणाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, तेव्हा वर्षाकाठी सुमारे साडेसात कोटी लोक या रोगाने आजारी पडत व सुमारे आठ लाख मरत, असा अंदाज होता. १९६५ च्या सुमारास रुग्णांची संख्या एक लाखावर आली. रोग संपला, असे सर्वांस वाटले. लोक फवारणीस घरात घेईनासे झाले. आमच्या घरीही नुकत्याच सारवलेल्या भिंती खराब होतात म्हणून नकार दिल्याचे मला आठवते. काही जातींचे डास औषधाला दाद देईनात, आणि व्यवस्थाही सैल पडली. १९७६ साली देशात चौसष्ट लाखांवर रुग्ण नोंदले गेले. त्या सुमारास मीही थंडीने कुडकुडत गोधडीखाली पडलो होतो आणि क्लोरोक्विनच्या कडू गोळ्या गिळीत होतो. मर्यादेखाली आणलेला शत्रू, पकड सैल होताच पुन्हा मर्यादा ओलांडून आला. जे गणित आशा देते, तेच गाफील राहू नका असा इशाराही देते, हे मला फार पुढे उमगले.

म्हणून पालकांस माझी नम्र विनंती आहे की, मुलाला अवश्य डॉक्टर करा. पण गणित हे केवळ परीक्षेचे ओझे आहे असे त्याच्या मनात भरवू नका. शाळेत विषय सुटला, तरी रॉस यांच्याप्रमाणे तो पंचविशीतही धरता येतो. आणि घरोघरच्या माउलींस विनंती ही की, आठवड्यातून एक दिवस कोरडा दिवस पाळून रांजण, पिंप व हौद घासूनपुसून ठेवावे. एका घराने काय होणार, असे मनात आणू नये. अठ्ठेचाळिसांचे बारा आणि बारांचे सहा होतात, ते अशा एकेका घरानेच.